दोघांना जमेल असं गाव

हेब्बाळ, ५ जानेवारी

भूमी,

फोन तू उचलत नाहीस, आणि मोबाइलवर निरोप पाठवला की तू तो वाचलास का हे बघण्यातच माझा दिवस जातो. म्हणून कागद. कागद एकदा टपालात टाकला की त्याचं पुढं काय झालं ते कळत नाही, तेवढीच शांतता. वाचायचा नसेल तर विराटला दे. माझं अक्षर छान आहे असं तो एकदा म्हणाला होता. जावयानं सासूला म्हणायचं म्हणून म्हणाला असेल, पण मी ते धरून ठेवलंय.

रूपश्री सांगत होती की पुढच्या आठवड्यात तुला सातवा लागतो. चुलतबहिणीला आधी आणि आईला तिच्याकडून, असं आपल्या घरात पहिल्यांदाच झालं. मी रागावले नाही. म्हणजे रागावले होते, संध्याकाळपर्यंत. मग पेटेच्या बाजारात जाऊन मलमल घेऊन आले आणि दुपटी शिवायला बसले. येताना सुब्बारावभावोजींच्या दुकानात डोकावले. बटणं, लेस, काठ, सगळं तुझे अप्पा लावून गेले तसंच आहे. भावोजींनी कॉफी पाजली, पण मकरंदचं नाव काढलं नाही. चालायचंच.

सप्टेंबरात मी आणि मकरंदनी रजिस्टर लग्न केलं तेव्हा तू म्हणालीस, "तो माणूस त्या घरात असेल तोवर मी तिथं पाऊल ठेवणार नाही." मी ते विसरलेले नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि माहेर हे एकच आहे, दुसरं मी कुठून आणू? आपल्यात आठव्यात प्रवास करत नाहीत हे तुला माहीत आहे. यायचं तर सातव्यातच. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार हाच येतो. तो लिहून टाकला, आता दुसरं काहीतरी लिहिते, नाहीतर तू कागद बाजूला ठेवशील.

आम्ही दोघं दोन दिवस फिरायला जायचं म्हणतोय. हसू नकोस. साठ वर्षांत मी जिथं जिथं गेले तिथं एक तर देव होता नाहीतर लग्न होतं, आणि बरोबर निम्मं घराणं आणि चिंचेच्या पुळियोगरे-भाताचे डबे. नुसतं फिरायला म्हणून मी कधी गेलेच नाही. आता कुठं जायचं यावर घरात रोज चर्चा चालते आणि निकाल काही लागत नाही, कारण मकरंदना पक्षी लागतात आणि मला माणसं लागतात.

ते मला कसे भेटले हे तू कधी विचारलं नाहीस. हेब्बाळच्या तळ्यावर मी फिरत होते आणि फोनवर तुझ्या काकूशी बोलत होते. तुला माझा आवाज माहीत आहे. समोरून दुर्बीण लावलेले एक गृहस्थ आले आणि चक्क मराठीत म्हणाले, "बाई, तुमच्या जावेची बाजू मला पटली, पण तुमच्यामुळं माझा खंड्या उडाला." वीज मंडळातून निवृत्त होऊन पुण्याहून मुलाकडे महादेवपुऱ्याला आलेला एकटा माणूस. मुलगा-सून दिवसभर आयटी पार्कात, आणि हे दोन बस बदलून तळ्यावर. मी आवाज कमी केला नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले.

आणखी एक. तुझ्या अप्पांना मी 'हे' म्हणायची. मकरंदना मी मकरंदच म्हणते, आणि आम्ही अजून एकमेकांना अहो-जाहो करतो. ते 'हे' अप्पांबरोबर गेलं. तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच तसं आहे.

आई


१५ जानेवारी, संक्रांत

भूमी,

सोबतच्या पुडीत एळ्ळु-बेल्ल आहे. तीळ मी भाजले, खोबरं मी कातरलं, गूळ मकरंदनी चिरला. तुकडे एकसारखे नाहीत, पण चव तीच आहे.

तुझं उत्तर नाही. सरी, असू दे. मी लिहीत राहते.

फिरायला जायचं अजून ठरलेलं नाही. मकरंद म्हणाले काबिनी. जंगल, नदी, पहाटे होडीतून फिरायचं. मी म्हटलं, माझा गुडघा होडीत चढणार नाही. मग म्हणाले दांडेली, तिथं धनेश बघायला मिळतो, चोचीवर शिंग असलेला मोठा पक्षी. मी म्हटलं, तिथं जळवा असतात, आमच्या शेजारच्या पुष्पावतींच्या पायाला लागल्या होत्या. ते शांतपणे म्हणाले, "जळवा पावसाळ्यात असतात. हा जानेवारी आहे." मग मी म्हटलं, बाकीही काही असेल. मग त्यांनी डोंगरातल्या कुठल्याशा इस्टेटीचं नाव काढलं, कॉफीचे मळे, सकाळी धुकं. मी तिथल्या माणसाला फोन करून सगळी चौकशी केली आणि मला ते पटलं नाही. का पटलं नाही ते आता आठवत नाही, पण पटलं नाही.

माझं म्हणणं चन्नपट्टणला जाऊ. लाकडी खेळणी करतात ते बघता येईल, एखादं घेताही येईल. कुणासाठी ते मी बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. नाहीतर मेलुकोटे. तिथं रस्त्यावर बसलं तरी चार जणी बोलायला मिळतात. मकरंद म्हणाले, "बघू." पुण्याचा माणूस 'बघू' म्हणाला की त्याचा अर्थ 'नाही' असा असतो, हे मला एवढ्या महिन्यांत कळलंय. आपल्याकडे निदान 'नोडोणा' म्हणताना मान तरी हलवतात.

त्यांची एक अट आहे. सकाळी नऊपर्यंत बोलायचं नाही, पक्षी बुजतात. माझीही एक अट आहे. जिथं माणूस राहत नाही तिथं मी जाणार नाही. झाडाशी किती वेळ बोलणार? या दोन अटी एकत्र बसतील असं ठिकाण कर्नाटक राज्यात आहे का, असं मकरंद विचारतात. शोधतायत. रोज सकाळी इडली खाताना नकाशा उघडून बसतात, आणि मी चटणी सांडली की तुमकुरू पुसतात.

वाद चाललाय पण मजा येते, हे मात्र खरं. मला काय आवडतं असं मला विचारलं जातं, आणि उत्तर द्यायला मला वेळ लागतो. तुझ्या अप्पांबरोबर हा प्रश्न कधी आला नाही. त्यांना काय आवडतं ते मला माहीत होतं, आणि मला काय आवडतं ते मलाच माहीत नव्हतं. अप्पा चांगले होते, तक्रार नाही. दुकान सोडून ते कधी कुठं गेले नाहीत, म्हणून मीही नाही.

पाय वर घेऊन बसत जा. सुजत असतील तर विराटला सांग, लपवू नकोस.

आई


२० जानेवारी

भूमी,

काल आमचं भांडण झालं. लग्नानंतरचं पहिलं.

मकरंदनी तोडगा काढला होता. एक दिवस तुमचा, एक दिवस माझा. शनिवारी जंगल, रविवारी बाजार. ऐकायला बरोबर वाटतं ना? मला नाही पटलं. मी म्हटलं, अशा वाटणीत दोघांनाही एकेक दिवस दुसऱ्यासाठी ताटकळायचं असतं. मी जंगलात तोंड मिटून बसणार, तुम्ही बाजारात पिशवी धरून उभे राहणार, आणि सोमवारी दोघं म्हणणार, छान झालं. मग जायचंच कशाला?

ते सहसा चिडत नाहीत. काल चिडले. म्हणाले, "संयोगिता, तुम्हाला जायचंच नाही. मी सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी तुम्ही खोट काढता."

मी म्हटलं, "खोट काढत नाही, चौकशी करते."

"चौकशीत पहिलं काय विचारता तुम्ही?"

"गरम पाणी आहे का, ते."

"नाही. ते दुसरं. पहिलं विचारता, फोन लागतो का. काबिनीला नाही लागत म्हणाले, तुमचा गुडघा दुखला. दांडेलीला नाही, जळवा आल्या. इस्टेटीत कधी लागतो कधी नाही, तर तुम्हाला कारण शोधायचाही धीर राहिला नाही."

मी आत जाऊन भाजी चिरत बसले. गैरसमज करून घेऊ नकोस, फोनचं मी सहज विचारते. हल्ली सगळेच विचारतात.

नाही, भूमी, सहज नाही. तू कधीतरी फोन करशील आणि नेमका तेव्हा तो लागणार नाही, याची मला भीती वाटते. एकदा नाही लागला तर तू पुन्हा करणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. गेले चार महिने मी आंघोळीला जातानाही फोन बाहेर मोरीच्या कट्ट्यावर ठेवते.

अर्ध्या तासानं मकरंद स्वयंपाकघरात आले, उरलेली भाजी चिरायला घेतली आणि म्हणाले, "मद्दूरजवळ एक गाव सापडलंय. पक्षी जंगलात नाहीत, घरांच्या मध्ये झाडांवर बसतात. खाली माणसं राहतात, भरपूर आहेत, आणि बोलतात असं ऐकतो. फोनही लागतो. तिथल्या टपरीवाल्याला लावून बघितला."

मला रडू आलं. कांदा नव्हता, दुधी होता, त्यामुळं लपवताही आलं नाही.

शनिवारी निघतोय. फोन चालू असेल.

आई


२७ जानेवारी

भूमी,

जाऊन आलो. हे पत्र लांबणार आहे, आणि याच्या शेवटी एक गोष्ट आहे जी तुला आवडेल की नाही मला माहीत नाही. तरी सगळं वाच.

गावाचं नाव कोक्करे बेळ्ळूर. मद्दूरला मुक्काम केला आणि दोन्ही दिवस सकाळी गाडी करून तिथं गेलो. साधं खेडं आहे, कौलं, गोठे, दारात रांगोळी. वर बघितलं की मात्र प्रत्येक चिंचेवर घरटी. मोठे राखाडी झोळीवाले, चोचीखाली पिशवी असलेले, आणि त्यांच्याच शेजारच्या फांदीवर चित्रबलाक, गुलाबी शेपटीचे, लांब पायांचे. मकरंद एका झाडाखाली उभे राहिले ते राहिलेच. वास विचारू नकोस. माझ्या नव्या साडीवर वरून प्रसाद पडला, आणि तिथल्या बायका म्हणाल्या, शुभ असतं. मी म्हटलं, सरी, शुभ तर शुभ.

गंमत अशी की तिथं कुणी हळू बोलत नाही. रेडिओ चालू, कुत्री भांडतायत, नळावर बायका ओरडतायत, आणि वर पक्षी निवांत. मकरंदची नऊ वाजेपर्यंतची अट सव्वासातला मोडली आणि ती त्यांनी स्वतःच मोडली. मला हाक मारून म्हणाले, "इकडे या, पिल्लू आईच्या घशात डोकं घालून जेवतंय." इतकं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आणि मी एका अज्जीच्या कट्ट्यावर बसून अवरेकाळूच्या शेंगा सोलत होते. तिच्या तिन्ही सुनांची माहिती मला दहा वाजेपर्यंत झाली. ते वर बघतायत, मी खाली बघतेय, मध्ये दहा पावलं आणि दोघंही खूश. वाटणी करावीच लागली नाही.

मी अज्जीला विचारलं, एवढी घाण, एवढा गोंगाट, चिंचेचं पीकही सोडून द्यावं लागतं, मग हाकलून का देत नाही? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं मी काहीतरी वाईट बोलले. म्हणाली, "नम्म मने हेण्णुमक्कळु अम्मा. बाणंतनक्के बंदिद्दारे." आमच्या घरच्या लेकी आहेत, बाळंतपणाला आल्यात. दरवर्षी येतात. लेक बाळंतपणाला आली की कुणी घाण काढायला लागते म्हणून तिला परत पाठवतं का?

माझा हात शेंगेवरच थांबला. अज्जीनं लगेच विचारलं, तुला लेक आहे का. मी म्हटलं आहे. दिवस गेलेत का. गेलेत. मग आली का.

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येणार आहे."

खोटं बोलले. अगदी सहज बोलले, आणि बोलल्यावर इतकं बरं वाटलं की आणखी सांगत सुटले. दुपटी शिवली, डिंक आणला, मागची खोली रंगवून घेतली. हे बाकीचं मात्र सगळं खरं. मकरंद झाडाखाली उभे होते. दुर्बीण डोळ्यांना होती, पण त्यांना कानडी आता बऱ्यापैकी कळतं.

दुसऱ्या दिवशी परत येताना मद्दूरला वडे खायला थांबलो. तिथं ते म्हणाले, "मी विचार केलाय. तीन-साडेतीन महिने मी महादेवपुऱ्याला मुलाकडे राहतो. भूमीला तसं कळवा. ती येईल. बाळ सव्वा महिन्याचं होऊन ती पुण्याला गेली की मी परत येईन." त्यांनी हे आधीच पक्कं केलं होतं, मुलाशी बोलूनही ठेवलं होतं. तिथं त्यांना दिवाणखान्यात झोपावं लागतं, हे मला माहीत आहे.

भूमी, माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. तू येशील, त्या खोलीत झोपशील, मी तुझ्या डोक्याला तेल लावीन, हे सगळं एका शब्दावर आलं होतं. मी वडा खाली ठेवला आणि 'नाही' म्हटलं.

का, ते नीट सांगते. ते घर त्यांचंही आहे. त्यांच्या चपला दारात असतात, त्यांची दुर्बीण अप्पांच्या फोटोखालच्या खुंटीवर असते, आणि फोटोला हार रोज तेच घालतात, कारण माझा हात पोचत नाही. ज्या माणसाला मी लग्न करून घरात आणलं त्याला लेक आली म्हणून दिवाणखान्यात झोपायला पाठवलं, तर तुझी सेवा मी कुठल्या तोंडानं करू? तुझ्यावरची माया कमी झालेली नाही. तू आली नाहीस तर मी रोज रडणार आहे, हेही आत्ताच सांगून ठेवते. पण एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत घ्यायचं, असं माहेर मला करता येणार नाही.

त्या चिंचेवर दोन जातींचे पक्षी होते. एकमेकांकडे बघतही नव्हते, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

तर घर असं आहे. मी आहे, मकरंद आहेत, मागची खोली तुझी आहे, खिडकीला नवी जाळी बसवलीय. त्यांच्याशी तू बोललं पाहिजेस असं काही नाही. न बोलणं त्यांना उत्तम जमतं, त्यांचा तो छंदच आहे. ये, भूमी. आठवा लागायच्या आत ये. मी वाट बघते.

दोन्ही दिवस फोन पूर्ण लागत होता. रविवारी दुपारी मात्र मी तो बघायला विसरले. अज्जीच्या सुनेनं जेवायला वाढलं होतं.

तुझी आई


३ फेब्रुवारी

भूमी,

हे पत्र टपालात टाकणार नाही. ते पुण्याला पोचेपर्यंत तू इथं असशील. तुझ्या उशीवर ठेवते, दमली नसशील तर वाच.

काल दुपारी मी पुष्पावतींकडे हळद-कुंकवाला गेले होते आणि फोन घरी विसरले. चार महिन्यांत पहिल्यांदाच विसरले, आणि तुला तोच दिवस सापडला. परत आले तर मकरंद दारातच उभे. माझा फोन त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. म्हणाले, "वाजला नाही. निरोप आलाय. वरचं नाव दिसलं, मी उघडलेला नाही."

मी चष्मा शोधत होते. तो डोक्यावर होता. शेवटी म्हटलं, तुम्हीच वाचा.

त्यांनी घसा साफ केला आणि वाचलं: "शनिवारी सकाळी कँटोन्मेंटला पोचतोय. विराट सोबत आहे, सोमवारी परत जाईल. आई, तू एकटी स्टेशनवर येऊ नकोस. सामान जड आहे."

मग मला न देता पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मग फोन माझ्या हातात दिला, तोंड धुऊन आले आणि सोफ्यावर बसून राहिले. मीही बसले. आम्हा दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही, आणि मला बोलावंसंही वाटलं नाही, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

विराटसारखा धडधाकट माणूस बरोबर असताना सामान जड कसं, हे मी तुला कधीच विचारणार नाही.

आज मंगळवार. मकरंदनी शनिवारी स्टेशनवर घालायचा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

आई